उलटसुलट पल्ला : बिजागरीच्या भोकांच्या नोंदी

२९ जुलै २०२५

अभ्यासिकेची ऑर्डर पक्की झाली. भिंतीवर टांगायची सोळा एकपल्ली (म्हणजे एका दाराची) कपाटं, टेबलाखाली बसणारी चार आणि पुस्तकांसाठी एक उंच. वर्ध्याकडच्या सेलू तालुक्यातल्या आमच्यासारख्या गावात एवढं काम एकदम येत नाही, त्यामुळे बाबा दोन दिवसांपासून खुशीत आहेत. अडचण एकच आहे. कोणतं कपाट कोणत्या भिंतीवर जाणार हे समितीला अजून माहीत नाही. खिडक्या तीन, एका कोपऱ्यात बीम उतरलेला, आणि स्विचबोर्ड कुठे येतील ते वायरमनलाच ठाऊक. "पल्ला कोणत्या बाजूनं उघडला पायजे?" असं विचारलं तर गुरुजी म्हणाले, "ते लावताना पाहू नं."

लावताना पाहणं म्हणजे काय ते जूनमध्ये भोगून झालं आहे. मावशीच्या स्वयंपाकघरात दोन पल्ले उघडले की ओट्याच्या भिंतीला आपटायचे. चूक माझीच, माप घेताना भिंत पाहिली नव्हती. दुसऱ्या कडेला नव्यानं ३५ मिमीचे कप, म्हणजे बिजागरीची वाटी बसायचे गोल खळगे, पाडले आणि जुन्या भोकांत सागाच्या गोल चकत्या ठोकून वरून सनमायकाचा तुकडा चिकटवला. मावशी आता येणाऱ्याजाणाऱ्याला कपाट उघडून ते ठिगळ दाखवते.

म्हणून ठरवलं, या ऑर्डरसाठी आपल्या प्रोग्राममध्येच सोय करायची. एकही नवं भोक न पाडता पल्ला डावीकडून काढून उजवीकडे टांगता आला पाहिजे. फ्रिजच्या दाराला असतं तसं.

प्रोग्राम म्हणजे फार मोठं काही नाही. दोन वर्षांपूर्वी पायथनमध्ये लिहिला. उंची, रुंदी, खोली, प्लायची जाडी टाकली की कटिंग लिस्ट देतो आणि दर फळीच्या रेखाटनाची डीएक्सएफ फाईल काढतो. ती पेनड्राइव्हवर घेऊन बुटीबोरी एमआयडीसीतल्या राउटरवर, म्हणजे फाईल पाहून फळ्या कापणाऱ्या आणि भोकं पाडणाऱ्या मशीनवर, जायचं. आतली सगळी नावं मराठीत ठेवली आहेत, 'उंची', 'पल्ला', 'साईड', म्हणजे हेल्पर पोट्ट्यालाही वाचता येतं. पायथन तीनला देवनागरी नावं चालतात. इनपुटात कोणी ७१६ असं देवनागरीत टाकलं तरी तो आकडा बरोबर ओळखतो, हे मला वर्षभरानं कळलं. बाबांनी टाकलं होतं.

३० जुलै

आजचा दिवस "डावा कोणाचा" यात गेला.

प्रोग्राम विचारतो: बिजागरी डावी की उजवी? मी समोरून पाहणाऱ्याचा डावा धरतो. बाबांचा डावा कपाटाचा असतो, कपाट आपल्याकडे तोंड करून उभं आहे असं समजून. आणि राउटरवाल्याचा डावा तिसराच. कप पल्ल्याच्या मागच्या बाजूनं पडतो, म्हणून पल्ला मशीनवर पालथा झोपवतात. समोरून जी कड डावी, ती तिथे उजवीकडे जाते.

"म्हंजे एक पल्ला आन् तीन डावे," बाबा म्हणाले. "असं लिवूनच कायले ठेवता?"

बोलले ते सहज, पण मी रात्री तेच धरून बसलो. पल्ला दोन्हीकडे चालणार असेल तर डावा-उजवा हा प्रश्न पल्ल्याच्या फाईलमध्ये असायलाच नको. तो फक्त कपाट लावणाऱ्याचा प्रश्न आहे. मग फाईलमध्ये काय असावं? फक्त "बिजागरीची कड" आणि "मोकळी कड". एवढंच बदललं आणि सेव्ह केलं. बाकी उद्या, लाईन गेली.

२ ऑगस्ट

आधी सध्याची मापं लिहून ठेवतो, नंतर शोधावी लागू नयेत.

आपण वापरतो ती झिरो क्रँक ऑटो हिंज, म्हणजे पल्ला साईडची कड झाकतो आणि आपोआप मिटतो अशी बिजागरी. पल्ल्यात ३५ मिमीचा कप, साडेबारा खोल. प्लाय १८ ची, म्हणजे खाली साडेपाच मिमी उरतं. बिट धारदार नसेल तर समोरच्या सनमायकावर फुगवटा दिसतो. कपाची कड पल्ल्याच्या कडेपासून ५ मिमी, म्हणजे मध्य साडेबावीसवर. कपाच्या दोन स्क्रूंचं अंतर ४८ आणि त्यांची रेघ कपाच्या मध्यापासून ६ मिमी आत. (बाजारात ४५ आणि ५२ चेही कप मिळतात. डबा बदलला की प्रोग्राममधला आकडा बदलायचा, डोळे झाकून ४८ धरायचं नाही.) साईडच्या फळीवर प्लेटची (बिजागरीचं दुसरं टोक जिच्यावर बसतं ती) दोन भोकं: ५ मिमी व्यासाची, समोरच्या कडेपासून ३७ वर, एकमेकांत ३२ चं अंतर. बिजागरीचा मध्य या दोघांच्या मधोमध. पल्ला ९०० पर्यंत असेल तर दोन बिजागऱ्या, १६०० पर्यंत तीन. दोन हजारांपर्यंत चार, पण तेवढा पल्ला आपण करत नाही.

पहिला प्रयत्न मी सगळ्यात सोपा केला. डाव्या साईडची भोकं आरसा धरून उजव्या साईडवर, आणि पल्ल्याची भोकंही आरसा धरून दुसऱ्या कडेवर. पडद्यावर झकास दिसलं. पल्ल्याला चार कप, दोन या कडेला, दोन त्या कडेला.

बाबांनी पाहिलं आणि म्हणाले, "चार भोकं काऊन? दोन तर नेहमीच उघडी राहतीन." मी म्हटलं, दुसऱ्या बाजूला टांगायचं तर तिकडेही कप लागणारच.

त्यांनी वादावादी केली नाही. पोट्ट्याला म्हणाले, पुठ्ठा आण. टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा आला. त्याच्या डाव्या कडेला वर आणि खाली पेप्सीची झाकणं ठेवून पेन्सिलनं गोल काढले. मग पुठ्ठा जमिनीवरच, न पालथा करता, घड्याळाच्या काट्यासारखा अर्धा फिरवला. वरची कड खाली गेली आणि डावीकडचे गोल उजवीकडे आले. पुठ्ठ्याची तीच बाजू वर.

"हे घे. दोनच."

मी चार दिवस ज्याला आरसा समजत होतो तो आरसा नव्हताच. साईडच्या फळ्यांना आरसा, पल्ल्याला अर्धा फेरा. आरशातला पल्ला हा वेगळाच पल्ला असतो, तो या कपाटाला कधीच बसणार नाही. फिरवलेला मात्र तोच असतो. अट एवढीच: फिरवल्यावर कप जिथे होते त्याच उंचीवर परत आले पाहिजेत. म्हणजे वरून जितक्यावर पहिला कप, खालून तितक्यावरच शेवटचा.

आमच्या जुन्या पद्धतीत वरून १०० आणि खालून १२० असायचं. का, ते बाबांनाही आठवत नाही. त्यांच्या उस्तादांचं तसं होतं.

५ ऑगस्ट

फिरवण्याचं फंक्शन लिहिलं. पल्ल्याची उंची आणि रुंदी घ्यायची, प्रत्येक भोकाचा उभा आकडा उंचीतून वजा करायचा, आडवा रुंदीतून. कपाचे दोन छोटे स्क्रूहोलही त्याच फंक्शनमधून जातात, त्यामुळे ते सहा मिमी आत राहतात का बाहेर, याची वेगळी काळजी नाही.

मग तपासणी. पल्ला फिरव, बिजागऱ्यांच्या उंच्या काढ, मूळ उंच्यांशी ताडून पाहा, जुळलं तरच फाईल लिही. टांगती कपाटं ७२० ची, वर-खाली २-२ मिमी फट, पल्ला ७१६. कप वरून १०० वर, खालून १०० वर. पास.

उंच कपाट नापास झालं. पल्ला १४९७, तीन बिजागऱ्या, मधली बरोबर मध्यावर. मग नापास का? छापून पाहिलं तर मधली ७४८ वर आणि फिरवल्यावर ७४९ वर. मध्य येतो ७४८.५ आणि मी पूर्ण आकडा करायला पायथनचं राउंड वापरलेलं. शाळेत शिकवलेलं आठवतं, अर्धा आला की वर जायचं. पायथन तसं करत नाही. बरोबर अर्ध्यावर आलेला आकडा तो जवळच्या सम आकड्याकडे नेतो. ७४८.५ चा ७४८, आणि ७४९.५ आला असता तर ७५०. एक मिमीनं काही कपाट पडणार नव्हतं, प्लेटचा स्क्रू दोन मिमी वर-खाली सरकतो. पण तीन बिजागऱ्यांत मधलीच ओढत राहिली की सहा महिन्यांत तीच कुरकुरते, हे अनुभवाचं आहे. राउंड काढून टाकलं. राउटरला अर्धा मिमी कळतो, न कळणारे आम्हीच.

आणखी एक. उंच कपाटाला मधोमध पक्की फळी होती. मधल्या प्लेटच्या डोक्यातच येत होती. फळी ८० मिमी खाली घेतली. बिजागरी सरकवता येत नाही आता, फळीनंच सरकायचं.

९ ऑगस्ट

राखी. काम नाही. बहिणीनं विचारलं तिच्या नागपूरच्या कपाटाचं काय झालं. विषय बदलला.

१२ ऑगस्ट

जोडकपाटाचा प्रश्न सुटत नव्हता, आज सुटला, आणि सुटल्यावर लक्षात आलं की त्याची गरजच नाही.

दोन पल्ल्यांचं कपाट, मधे एकच उभी फळी. आधी ठरवून टाकायचो की दोन्ही पल्ले बाहेरच्या साईडला टांगायचे, मधली फळी कोरी. आता पल्ला कुठेही टांगता यावा म्हटल्यावर मधल्या फळीवर दोन्ही अंगांनी भोकं आली. प्रत्येक १२ खोल. बारा आणि बारा चोवीस, फळी अठराची. प्रोग्रामनं निमूट फाईल काढून दिली, कारण तो दोन्ही अंगं वेगवेगळी मोजत होता. मी रेखाटन पाहत बसलो होतो म्हणून सापडलं.

मग शेजारच्या पल्ल्याच्या बिजागऱ्या ३२ नं सरकवल्या. बत्तीस का, तर हातात बसलेला आकडा. पहिल्या पल्ल्याची भोकं ८४ आणि ११६ वर. दुसऱ्याची झाली ११६ आणि १४८. ११६ वर पुन्हा समोरासमोर! जोडीतलं अंतरच बत्तीस असताना बत्तीसनं सरकवणं म्हणजे एका भोकातून दुसऱ्यात जाणं. हसू आलं. ४८ नं सरकवलं: १३२ आणि १६४. जुळत नाहीत, मधे अकरा मिमी लाकूड राहतं.

पण आता शेजारशेजारचे दोन पल्ले एकसारखे राहिले नाहीत. एकाचे कप १०० वर, दुसऱ्याचे १४८ वर. गठ्ठ्यात मिसळले की वेगळे ओळखायला खडूनं खूण करावी लागेल, आणि खडूची खूण पुसली जाते.

बाबा म्हणाले जोडकपाट करूच नको. सुटे डबे करायचे, शेजारी ठेवून दोन स्क्रूनं आवळायचे. प्रत्येक जोडीला एक फळी जास्त लागेल. हिशोब केला. सोळा कपाटांना आठ फळ्या जास्त, ७२० बाय ३०० च्या. आठ बाय चारच्या एका शीटमध्ये आरामात बसतात. एका शीटसाठी हा सगळा गोंधळ वाचतो. ठरलं. मधल्या फळीची तपासणी प्रोग्राममध्ये तशीच ठेवली आहे, पुढे कोणी अडलंच तर इशारा देईल.

पूर्ण उभी रांगच पाडावी का, असाही विचार होता. ३७ च्या रेघेवर वरपासून खालपर्यंत दर ३२ मिमीला ५ चं भोक. कारखान्यातल्या फर्निचरमध्ये असते तशी. फळीही त्यातच, बिजागरीही त्यातच. पण रांग वर-खाली सारखी बसवायची तर कपाटाची उंची बत्तीसच्या पाढ्यात बांधावी लागते. आमच्याकडे उंची ठरते ती दाराच्या चौकटीवरून आणि गिऱ्हाइकाच्या सासूच्या हाताच्या पोचेवरून. शिवाय दुसरं कारण आहे. दुकानाच्या भिंतीवर एक जुनं सॅम्पल टांगलंय, रांगेच्या भोकांचं. आज जवळ जाऊन पाहिलं. खालून सातव्या भोकापासून पुढची पाच भोकं लिंपलेली. मातीचा गिलावा इतका गुळगुळीत की बोटाला प्लायची कड लागत नाही. एक नखानं उकरलं तर आत हिरवी अळी, अर्धमेली, आणि तिच्या बाजूला तांदळाच्या कणीएवढं अंडं. कुंभारीण माशी. पावसाळ्यात हिला पाच मिमीचं भोक म्हणजे तयार घर. उरलेली तशीच राहू दिली.

तर रांग नाही. लागतात तेवढीच भोकं, आणि न वापरलेल्यांवर प्लास्टिकच्या टोप्या.

१८ ऑगस्ट

सकाळी पावसातून बुटीबोरी. पहिलीच फाईल उघडली आणि राउटरवरचा माणूस म्हणाला, भाऊ हा पल्ला कुठल्या किल्ल्याचा आहे? साठ फुटांचा दिसत होता. ७१६ मिमीचे ७१६ इंच झालेले. डीएक्सएफच्या डोक्यात एकक सांगणारा एक आकडा असतो, मिमीसाठी ४, इंचासाठी १. गेल्या आठवड्यात फाईल लिहिण्याचा भाग नव्यानं लिहिताना तो ४ माझ्याकडून गळला आणि त्यांच्या सॉफ्टवेअरनं इंच धरले. मोबाईलवरून तिथल्या तिथे दुरुस्त केलं. पाच मिनिटांचं काम, पण चेहरा पडला तो पडलाच.

कापायला सुरुवात झाली. टांगत्या कपाटाच्या दोन साईड आधी. बाहेर आल्या तेव्हा तो विचारतो, डावी कोणती? मी फाईलचं नाव बघायला वाकलो आणि पोट्ट्यानं दोन्ही शेजारीशेजारी ठेवून दिल्या. एक उलटी, वरची कड खाली. सगळी भोकं समोरासमोर. त्यानं एकीच्या भोकापासून दुसरीच्या भोकापर्यंत पट्टी धरली, ती सरळ बसली.

हे मला आधी सुचायला पाहिजे होतं. वर-खाली नक्षी सारखी असेल, तर डावी साईड डोक्यावर उभी केली की उजवी होते. समोरची कड समोरच राहते, आतलं अंग आतच. वरची आणि खालची फळी आपण एकाच जोडानं बसवतो, पायाही सुटा, त्यामुळे कुठे काही अडत नाही. पल्ल्यासाठी खटपट केली आणि साईडसुद्धा एकच झाली. बत्तीस साईड, एक फाईल. घरी येऊन 'साईड_डावी' आणि 'साईड_उजवी' दोन्ही पुसून नुसती 'साईड' ठेवली.

२१ ऑगस्ट

संगणक बंद. दुकानात फक्त लाकडी नंदी. उद्या पोळा, परवा पोरांचा तान्हा पोळा, आणि सिंदी रेल्वेपर्यंतची पोट्टी आईबापांना घेऊन आली आहेत. चाकं, शिंगं, वेसण, रंग. वीतभर नंदीपासून कमरेएवढ्यापर्यंत. बाबा वाकसानं पाठीचा उंचवटा काढतात ते पाहत उभं राहिलं की राउटरचा विचार डोक्यातून जातो. डाव्या-उजव्याचा हिशोब त्यांना इथे लागत नाही, डोळ्यानंच दोन्ही बाजू सारख्या येतात. एका नंदीची चाकं मी बसवली. वाकडी चालतात म्हणून परत आला.

२३ ऑगस्ट

तान्हा पोळा. बोजाऱ्यासाठी (नंदी घेऊन येणाऱ्या पोरांना द्यायच्या पैशा-खाऊसाठी) दुपारपासून दाराशी रांग. वाकड्या चाकांचा नंदीही येऊन गेला, आता सरळ चालत होता. बाबांनी केव्हा दुरुस्त केला कळलं नाही.

२६ ऑगस्ट

टेबलाखालच्या चार कपाटांतलं पहिलं जोडलं. पल्ला डावीकडे टांगला, सुरेख बसला. मग काढून, फिरवून, उजवीकडे टांगला. वर टेबलाच्या पाटाला घासायला लागला.

मी म्हटलं प्लेट सैल असेल. आवळली. तरी घासतोय. बाबांनी पल्ल्याच्या खालच्या कडेला अंगठा लावला, मग दुसऱ्या बाजूचा पल्ला कुठे होता तिथल्या खुणेला लावला.

"एक सूत वर गेला थो."

मी कॅलिपर लावला. तीन मिमी. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. अंगठ्यात एवढी चूक माफ आहे.

तीन कुठून आले ते शोधायला मला तास लागला, आणि आता लिहिताना दोन ओळींचं वाटतंय. टांगत्या कपाटाला वर २ आणि खाली २ फट आहे, म्हणून पल्ल्याचा मध्य आणि कपाटाचा मध्य एकच. टेबलाखालच्याला मी खाली फट ठेवलीच नव्हती आणि वर ३ ठेवली होती, पाट बसतो म्हणून. पल्ला ७१७, त्याचा मध्य ३५८.५. कपाट ७२०, त्याचा मध्य ३६०. दीड मिमीचा फरक. बिजागऱ्या खालून १०० आणि ६१७ वर. ही साईड डोक्यावर उभी केली की त्या होतात १०३ आणि ६२०. दीड इकडून, दीड तिकडून, तीन.

पल्ल्याचा फेरा बरोबर होता, साईडची उलथापालथही आपल्या जागी बरोबर होती. दोघं वेगवेगळ्या मध्याभोवती फिरत होते. अठरा तारखेला बत्तीस साईड एका फाईलमध्ये घातल्याच्या आनंदात मी या चार कपाटांनाही डावी-उजवी मिळून एकच साईड देऊन टाकली होती. तपासणी होती ती फक्त पल्ल्याची. साईड आणि पल्ला एकमेकांना विचारतच नव्हते.

रस्ते दोन. एक, फटी वेगळ्या असतील तिथे डावी-उजवी साईड पुन्हा वेगळी काढायची. दोन, फटी सारख्या करायच्या. मी पहिल्याकडे झुकलो होतो, प्रोग्राममध्ये ते करणं सोपं आहे. बाबा म्हणाले, "खालून फट काऊन नाई ठेवली?" कारण नव्हतंच. कुठल्यातरी पुस्तकी रेखाटनातून आलं होतं. वर २, खाली २ केली की पल्ला ७१६, टांगत्यासारखाच. वीसच्या वीस पल्ले एक माप.

आठ साईड गेल्या? नाही गेल्या. फक्त पहिल्या कपाटाच्या दोनच पाडून आणल्या होत्या. त्या दुकानातल्या खिळ्यांच्या कपाटाला लावू. तीन मिमी तिथे कोणी मोजणार नाही.

प्रोग्राममध्ये: साईडची फाईल लिहिण्याआधी वरची फट आणि खालची फट ताडून पाहतो. वेगळी निघाली तर 'साईड' असं एकच नाव द्यायला नकार देतो आणि डावी-उजवी दोन फाईली काढतो. संदेशात लिहिलंय: "मध्य जुळत नाही, इतका मिमी फरक, म्हणजे इतके सूत." सूत बाबांसाठी.

३१ ऑगस्ट

गणपतीच्या आरतीआधी दोन तास मिळाले.

मूठ. पल्ला अर्धा फिरवला की खालची मूठ वर जाते. टांगत्या कपाटाची मूठ खालीच हवी, टेबलाखालच्याची वर. मधोमध मूठ घेतली तर फिरवूनही मध्येच राहते, पण गुरुजींना ती आवडत नाही, "दवाखान्यासारखं दिसते" म्हणाले. म्हणून मुठीचं भोक राउटरवर पाडायचंच नाही, जागेवर कपाट टांगून झालं की पट्टीच्या साच्यानं पाडायचं. साचा बाबांनी सागाच्या तुकड्याचा केला, दोन कडांना अडकतो आणि ४ मिमीचं बिट त्यातून जातं.

उंच कपाटावर सरस्वतीचं चित्र असलेला सनमायका हवा आहे. तो पल्ला फिरवला तर सरस्वती डोक्यावर. प्रोग्राममध्ये पल्ल्याला 'वरखाली आहे' असं एक खूण-घर ठेवलं. त्यात टिक केली की त्या पल्ल्यापुरती जुनी पद्धत, बाजू आधी विचारून घेतो आणि फाईलच्या नावात लिहितो. उभ्या रेषांच्या सनमायकाला अडचण नाही. डोंगरासारखी नक्षी असलेल्या सागाच्या व्हिनियरला आहे, डोंगर उलटे होतात. बाबांच्या मते ते बिनमहत्त्वाचं. माझ्या मते नाही. खूण-घरात टिक करायची का, ते मी ठरवणार.

टोप्यांचं पाकीट आणलं, पांढऱ्या आणि तपकिरी. एका कपाटाला चार.

७ सप्टेंबर

काल विसर्जन, आज अभ्यासिकेत कपाटं चढली. सकाळी आठला लागलो, लाईन दुपारी दोनला गेली, तोवर सोळापैकी तेरा वर होती. बाकी बॅटरीच्या ड्रिलवर.

बाजू बदलावी लागली तीन ठिकाणी. एक बीमच्या कोपऱ्यात, एक खिडकीच्या गजाला पल्ला अडत होता म्हणून, आणि एक केवळ दोन पल्ले एकमेकांकडे उघडावेत असं समितीतल्या वहिनींना वाटलं म्हणून. शेवटच्याला मी घड्याळ लावलं. पल्ला उतरवणं, प्लेटा काढून पलीकडच्या भोकांत लावणं, टोप्या इकडून तिकडे, पल्ला फिरवून टांगणं आणि फट सारखी करणं. अठरा मिनिटं, त्यातली सात एक टोपी शोधण्यात. प्लेटेचे स्क्रू नव्या भोकांत घट्ट बसले. जुन्याच भोकात दुसऱ्यांदा स्क्रू आवळताना आगकाडी आणि फेविकॉल लागायचं, ते या वेळी लागलं नाही.

गडबड एकच. बीमच्या कोपऱ्यातल्या कपाटाला पोट्ट्यानं बाजू ठरायच्या आधीच मुठीचं भोक पाडलं, साचा हातात नवा होता म्हणून. पल्ला फिरवल्यावर मूठ वर गेली, साडेसहा फुटांवर. मी गुरुजींना म्हटलं, चकती मारून खाली नवी बसवून देतो. ते म्हणाले राहू द्या, त्यात दप्तरं नाही, रजिस्टरं ठेवतो, पोट्ट्यांचा हात न पुरला तर बरंच.

बाकी राहिलेलं: साच्यावर "आधी टांग" असं रंगानं लिहायचं. उंच कपाटाचा सनमायका अजून आलेला नाही. मावशीचे दोन पल्ले ७१६ चेच आहेत, तिच्या साईडची मापं घेऊन यायची.